कार्डावरचा दुसरा ‘ना.’

चावडीत त्या सकाळी मी एकच वाक्य बोललो आणि ते खोटं होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईनं एकदा विचारलं होतं, तेव्हा मी ताटावरून उठून गेलो. बायकोला माझ्या कमी बोलण्याची सवय आहे. ती म्हणते, तुमच्या घराण्यात बोलायची रीतच नाही. रीत भरपूर होती. आमच्या घरात कुणाला काय म्हणायचं, कुणाच्या नावापुढं काय लावायचं आणि कुणाच्या नावाचा शेवट कसा मोडायचा, याच्या रीतीशिवाय दुसरं काही नव्हतंच. आज पन्नाशी ओलांडल्यावरही त्या रीतीची आठवण आली की माझ्या कानशिलात रक्त चढतं. पण त्या रागात मी स्वतःला वगळून चालणार नाही, म्हणून हे प्रकरण.

आमचं गाव कृष्णेकाठचं, सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेजवळ. दिवसभर नदीवरच्या इंजिनाची पुकपुक चालायची आणि ती थांबली की गावाला बहिरं झाल्यासारखं वाटायचं. घरात तसाच एक आवाज होता, आबांच्या वहाणांचा. सोप्यात करकर वाजली की आई पदर सारखा करायची आणि आम्ही भावंडं गप्प व्हायचो. आबा म्हणजे माझे वडील. ते आधी पाटील होते. सरकारनं वंशाची पाटीलकी काढून घेतली तेव्हा चार दिवस जेवले नाहीत आणि ग्रामपंचायतीची निवडणूक होऊन सरपंच झाले तेव्हा गावजेवण घातलं. त्यांचं दुखणं एकच होतं, आपल्याला कोण काय म्हणतं. टपालानं पत्र आलं की मजकुराआधी ते पाकिटावरचं नाव वाचायचे. जुने लोक ‘रा. रा.’ लिहायचे, राजमान्य राजश्री. एकदा सांगलीच्या एका पेंड-व्यापाऱ्याचं पत्र नुसत्या ‘श्री.’नं आलं, तर आबांनी ते न फोडता चुलीत घातलं. आत काय होतं ते कधी कळलंच नाही. आई त्यांचं नाव घ्यायची नाही, ‘हे’ किंवा ‘मालक’ म्हणायची. मी त्यांना पत्र लिहिताना ‘तीर्थरूप’ विसरलो होतो, तर पुढची सुट्टी ते माझ्याशी बोलले नाहीत. सरपंच झाल्यावर त्यांनी शिक्का करून घेतला आणि पहिल्या दिवशी तो मला कोऱ्या वहीवर वीस वेळा उठवायला लावला. शाई सुकेपर्यंत ते तो कागद बघत बसले होते.

ज्यांना स्वतःच्या नावापुढं इतकं लागतं, ते दुसऱ्याच्या नावाची किती कापाकापी करतात, हे मी आमच्या सोप्यात बसून शिकलो. वेशीबाहेरच्या वस्तीतल्या माणसांची पुरी नावं गावाला माहीतच नव्हती. गण्या, शिव्या, राण्या. साठीचा म्हातारा असो, दहा वर्षांचं पोरगं त्याला तसंच हाकारायचं. वस्तीनं धर्म बदलला, बौद्ध झाली, मेलेली जनावरं ओढायचं आणि वेशीत उभं राहून जोहार घालायचं सोडलं, तेव्हा गावाला वाईट कशाचं वाटलं असेल तर जोहार बंद झाल्याचं. आता ते नमस्कार करायचे, बरोबरीनं छातीशी हात जोडून. आबा म्हणायचे, “हात जोडत्यात की दंड थोपाटत्यात, कळंना झालंय.”

त्या वस्तीतले राणोजी धोंडी कांबळे राखीव जागेवरून पंचायतीचे मेंबर झाले होते. मी इथं ‘राणोजी’ आणि ‘ते’ असं लिहितो आहे, पण तेव्हा मीही ‘राण्या’च म्हणायचो, एकोणीस वर्षांचा असून, माझ्या बापाच्या वयाच्या माणसाला. ते लढाईच्या काळात पलटणीत होते, आफ्रिकेच्या वाळवंटापर्यंत जाऊन आले होते आणि नाईक या हुद्द्यावर निवृत्त झाले होते. ताठ चालायचे. दाढी रोज करायचे, सणावारी नव्हे, रोज. पंचायतीच्या बैठकीत त्यांच्यासाठी दाराजवळ बाकडं टाकलेलं असायचं. ते नमस्कार करून त्यावर बसायचे आणि विषय वाचला गेला की हात वर करून बोलायचे. त्या हात वर करण्याचीसुद्धा गावात नक्कल होत असे.

त्या वर्षी ओढ्यावर फरशी झाली. पावसाळ्यात गाव दोन-दोन दिवस तुटायचं, ते आता तुटणार नव्हतं. साधी दगडी फरशी, बुटक्या पुलासारखी, पण तिच्या उद्घाटनाला आठवड्याभरात मुंबईहून मंत्री येणार असं ठरलं आणि आबांची झोप उडाली. मंत्री म्हणजे नामदार. नावाआधी ‘ना.’ लिहायचं, आमदाराच्या आधी ‘आ.’, खासदाराच्या आधी ‘खा.’. आबांना ही एक-एक अक्षरं तोंडपाठ. मी तेव्हा सांगलीला कॉलेजात होतो, सुट्टीवर घरी आलेलो, म्हणून निमंत्रणपत्रिका आणि मानपत्र दोन्ही माझ्या गळ्यात पडलं. दोन दिवस सोप्यात आबा येरझाऱ्या घालत सांगायचे आणि मी लिहायचो. “नामदार नुसतं नगं. मान्यवर नामदार. न्हाई, माननीय नामदार. फुडं साहेब पायजे. नामदार बी आन् साहेब बी.” मी म्हणालो, “दोन्ही कशाला?” तर म्हणाले, “तुला काय कळतंय? कमी पडलं तर आपली अब्रू जाती, जास्त झाल्यावर कुनाची बी जात न्हाई.” आई आतून भाकरी थापत होती. तिची थाप मध्येच थांबायची आणि मग पुन्हा सुरू व्हायची. त्या दिवशीचं जेवण मला आठवतं, जोंधळ्याची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि खर्डा. आबा एक घास खायचे आणि एक विशेषण सांगायचे. दीनांचे कैवारी. खर्डा. कर्तव्यदक्ष. माडगं.

पत्रिकेच्या तळाशी ‘आपले नम्र’ म्हणून पंचायतीच्या सगळ्या मेंबरांची नावं घालायची होती. आबांनी एकेक सांगितलं, प्रत्येकाच्या आधी श्री. शेवटचं नाव आलं. “राणू धोंडी कांबळे.”

“श्री. राणू धोंडी?” मी विचारलं.

“त्याच्या फुडं काय नगं.”

“सगळ्यांना आहे.”

“त्याला कशाला पायजे? नाव छापतोय ह्येच लय झालं.”

मी ते तसंच लिहून घेतलं. पण आत कुठंतरी मला वाटलं की या माणसाची एकदा जिरली पाहिजे, आणि ‘या माणसाची’ म्हणजे माझ्या बापाची. हे लिहायला जड जातं, पण पुढं जे झालं ते यातूनच झालं.

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन सांगलीच्या एस.टी.त बसलो. राणोजी त्याच गाडीला होते. त्यांना मिरजेला डोळे तपासून चष्मा घ्यायचा होता. कडक इस्त्रीचा सदरा, हातात कापडी पिशवी. गाडी निघाल्यावर ते मागच्या बाकावरून पुढं वाकून म्हणाले, “बापू, पत्रिका छापायला निघालाय जनू. आमचं नाव कसं लिवलंय?”

मला खरं सांगता येईना. म्हणालो, “सगळ्यांसारखंच. श्री. राणोजी.”

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, “तुमास्नी एक सांगू का? श्री नगं. श्री काय, आज कुनी लावंल, उद्या काढून घील. आमच्या फुडं नाईक घाला. ते मला कुनी दिल्यालं न्हाई, मी मिळवलंय. कागुद हाय माझ्याकडं, सायबाच्या सहीचा.”

“घालतो की,” मी म्हणालो.

“आबांस्नी चालंल?”

“त्यात न चालण्यासारखं काय आहे?”

ते हसले. समोरचे दोन दात नव्हते, पण हसू तरुण माणसाचं होतं. स्टँडवर उतरल्यावर मला त्यांनी भेळ घेऊन दिली, पुडा बांधून, आणि ‘मी मिरजेस्नं परत येतो, मग छापखान्याकडं येतो, संगट जाऊ’ असं म्हणून गेले.

छापखाना गावभागात एका बोळात होता. एकच ट्रेडल यंत्र खटाक-खटाक चालायचं आणि रॉकेलचा, शाईचा वास बोळाच्या तोंडापर्यंत यायचा. मालक स्वतःच अक्षरांचे खिळे जुळवायचे, बारीक अंगाचे, नाकाच्या टोकावर चष्मा असलेले गृहस्थ. मी कागद काढला. राणोजींच्या नावापुढं कागदाच्या कडेला बोटभर जागा होती. तिथं ‘नाईक’ बसत नव्हतं. बाकी सगळ्यांना आखूड अक्षरं होती, श्री., श्री., श्री. मी पेन्सिलीनं ‘ना.’ लिहिलं आणि ‘राणू’चं ‘राणोजी’ केलं. शप्पथ घेऊन सांगतो, त्या क्षणी मनात नाईकच होतं. इथपर्यंत मी निर्दोष आहे. पुढं नाही.

दुपारी पहिला ठसा निघाला. ओला कागद माझ्यापुढं धरून मालकांनी बोट ठेवलं. “अहो, हे बघा. वरती ना. म्हणजे आपले मंत्रीमहोदय. आणि खाली हे दुसरे ना. कोण? तुमच्या गावात दोन नामदार आहेत की काय?”

मी बघितलं. श्री.ची सरळ उतरंड आणि शेवटी तो ‘ना.’ पंगतीत एकच पान केळीचं असावं तसा दिसत होता. मला हसू फुटलं. माझ्या डोळ्यांसमोर आबांचा चेहरा आला, पत्रिका हातात, बोट एकेका नावावरून खाली सरकतंय आणि शेवटच्या नावावर थबकलंय. ज्याला श्रीसुद्धा नको होता, त्याच्या नावापुढं नामदार.

“नाईक आहे ते,” मी म्हणालो. “लष्करातलं.”

“मग नाईक असं अख्खं घालू या की. जागा करतो मी, त्यात काय! दोन मिनिटांचं काम आहे.”

“नको,” मी म्हणालो. “राहू द्या तसंच.”

“बघा हं, लोक नामदार वाचतील.”

“वाचू देत.”

ते चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले, मग खांदे उडवून आत गेले. दोन मिनिटांचं काम होतं. ते वाक्य मला अजून ऐकू येतं. पुढं मी स्वतःशी तिला चूक म्हणत आलो, पण ती चूक नव्हती. मला विचारलं होतं आणि मी राहू द्या म्हणालो होतो. बापाला डिवचायचं होतं, आणि त्यासाठी स्वतःचं नाव वापरायची छाती नव्हती.

संध्याकाळी पत्रिकांचा गठ्ठा बांधून होत होता तेव्हा राणोजी दारात आले. मालकांनी त्यांना स्टूल दिलं. चष्मा आठ दिवसांनी मिळणार होता. मी एक पत्रिका त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती हातभर लांब धरली, जवळ आणली, पुन्हा लांब धरली. अक्षरं लागेनात. “झालं का बरोबर?” त्यांनी विचारलं.

“झालं.”

त्यांनी ती पत्रिका दुमडू नये म्हणून सदऱ्याच्या आत, छातीशी धरून गावापर्यंत आणली.

आबांचा चेहरा मला बघायचा होता तसा बघायला मिळालाच नाही. मी दुसऱ्या दिवशी उठायच्या आत गठ्ठा फुटला होता, पंचवीस-तीस पत्रिका गावात गेल्या होत्या आणि चावडीत गर्दी झाली होती. मला बोलावणं आलं. आबा लोडाला टेकून बसले होते, पांढरेफटक. शेजारी उपसरपंच दत्तू अण्णा, गावातलं सगळ्यात फटकळ तोंड. राणोजी आधीच येऊन दाराजवळ उभे होते. त्या दिवशी बाकडं कुणी टाकलं नव्हतं.

“या, या, नामदारसाहेब,” दत्तू अण्णा म्हणत होता. “गाडी कुठं लावलीसा? शिपाई दिसंना संगट. खातं कंचं मिळालंय, वैरनीचं व्हय?”

लोक खो-खो हसले. राणोजींनी ते संपू दिलं. मग म्हणाले, “अण्णा, मी नाईक सांगितलं व्हतं. पलटणीतला नाईक. नामदार म्हनायला मला येड लागलंय व्हय?”

आबा ओरडले, “कुनाला सांगितलं व्हतंस? कुनाच्या हुकुमानं? आरं, ह्ये कार्ड नामदारसाहेबांच्या हातात पडलं मंजी? एका कागदावर दोन नामदार! एक मुंबईचा आन् एक—” आणि त्यांनी वस्तीचं जुनं नाव घेतलं. ते मी इथं लिहीत नाही.

“बापूला सांगितलं व्हतं,” राणोजी म्हणाले. “त्यास्नी इचारा. बापू, तुमी व्हता की तितं. सांगा.”

सगळी चावडी माझ्याकडं वळली. आबांची नजर माझ्यावर आली आणि ती करकर मला ऐकू आली, वहाणा दाराबाहेर काढून ठेवलेल्या असताना. मी म्हणालो, “मी कागद दिला आणि चहाला गेलो, राणू मागं थांबला होता.”

हे ते वाक्य.

दत्तू अण्णानं मांडीवर थाप मारली. “बगा! सोताच्या तोंडानं छापून घेटलं. मी म्हनत न्हवतो?” मग कुणालाच काही विचारायचं उरलं नाही. आबांच्या अंगात जीव आला. त्यांनी फर्मान काढलं. ज्यानं केलं त्यानं पुसायचं. राहिलेल्या सगळ्या पत्रिकांवरचं आपलं नाव राण्यानं इथं बसून, स्वतःच्या हातानं, काळ्या शाईनं खोडायचं. आणि दुसऱ्या दिवशी मंत्री येतील तेव्हा वेशीत उभं राहून जुन्या रीतीनं जोहार घालायचा, वाकून, म्हणजे साहेबांना कळेल की गावात नामदार एकच आहे. दौत आणि बोरू पुढं सरकवले गेले. राणोजींनी ते बघितलं, हात लावला नाही.

“आबा,” ते म्हणाले, आणि आवाज बैठकीत विषयावर बोलताना असायचा तसाच होता, “पलटणीत मी सायबाला सलाम ठोकायचो, तवा सायेब बी हात उचलायचा. न उचलला तर त्याला त्याच्या वरचा इचारायचा. म्हनून त्यो सलाम. जोहाराला कवा कुनी हात उचलला हाय का? तुमी तरी? मी लय वरसं घाटला. आता न्हाई घालनार. आन् नाव मी छापल्यालं न्हाई, तवा खोडनार बी न्हाई. मेंबरकी पायजे आसंल तर घ्या. कागुद उद्या आनून देतो.”

ते जायला वळले. माझ्यासमोरून जाताना थांबले. मला वाटलं आता शिवी देतील. मी वाटच बघत होतो त्या शिवीची.

“च्या प्यायला गेला व्हता व्हय तुमी, बापू?” एवढंच म्हणाले आणि पायरी उतरले.

पत्रिका मीच खोडल्या. कुणीतरी खोडायलाच पाहिजे होत्या. आबा म्हणाले, तुझं अक्षर चांगलं, रेघ सरळ येईल. स्वैपाकघराच्या उंबऱ्याशी बसून मी दिवसभर एकेक पत्रिका घ्यायचो, पट्टी लावायचो आणि त्या नावावर काळा पट्टा ओढायचो. शाई वाळायला त्या सगळीकडं पसरल्या होत्या, ओसरीत, फळीवर, धान्याच्या कणगीवर. चुलीवर उद्याच्या पाहुण्यांसाठी पुरण शिजत होतं. आई लिहावाचायला शिकलेली नव्हती. ती एक पत्रिका उचलून उजेडात धरून बघत होती. म्हणाली, “काळ्याच्या खालनं बी दिसतंय की रं नाव.” मग जेवायला वाढताना तिनं विचारलं, “तूच केलंस व्हय रं ह्ये?” मी उठलो, हात धुतले. त्या दिवसापासून माझ्या आईनं मला जेवताना काही विचारलं नाही. मी हात धुतले तेव्हाच तिला उत्तर मिळालं होतं. तिनं ते बाहेर काढलं असतं तर मी वाचलो असतो, असं म्हणत मी पुष्कळ वर्षं तिच्यावरसुद्धा रागावलो. काय निर्लज्जपणा!

नामदार आले. चार मोटारी, मागं धुळीचा लोट. मी मानपत्र वाचलं, घसा फाटेपर्यंत. माननीय, कर्तव्यदक्ष, दीनांचे कैवारी, एकेक शब्द मांडवाच्या कापडाला आपटून माझ्या तोंडावर परत येत होता. नामदार शेजारच्या माणसाशी बोलत होते. पत्रिका त्यांच्यापुढं टेबलावर ठेवली होती, काळ्या पट्ट्यासकट. त्यांनी तिच्यावर पाण्याचा पेला ठेवला. एकदाही उचलून बघितली नाही. फीत कापली आणि आबांच्या खांद्यावर थाप मारून ते सगळ्यांदेखत म्हणाले, “काय रं सरपंच, ही फरशी पावसात वाहून जायची न्हाई न्हवं?”

काय रं सरपंच. जो माणूस नुसत्या ‘श्री.’चं पत्र चुलीत घालायचा, त्याला ‘रं’. मी आबांकडं बघितलं. ते हसत होते. हात जोडून, कमरेत वाकून, तोंडभर हसत होते आणि “न्हाई साहेब, न्हाई साहेब” म्हणत होते. कुणी सांगितलं नव्हतं, वेशीत उभं केलं नव्हतं, तरी त्यांचा जोहार बरोबर पडला. बापाची कीव यायला हवी होती. मला राग आला, आणि तो इतका होता की नंतर त्यांच्या तिरडीला खांदा देतानाही तो पुरता उतरला नव्हता. आईच्या पुरणपोळ्या तशाच राहिल्या. साहेबांनी अर्धा कप चहा घेतला आणि मोटारी गेल्या.

गाव मंत्र्यांना चार दिवसांत विसरलं. नामदार मात्र राहिला. राणोजी रस्त्यानं निघाले की पारावरून हाक यायची, “काय नामदार, दौरा कुठं?” गिरणीत गेले की, “सरका रं, नामदारांचं दळान आलंय.” सगळ्या तालुक्यात रोज नामदार ही हाक ऐकणारा तेवढा एकच माणूस होता आणि प्रत्येक वेळी तो शब्द त्यांच्या तोंडावर थुंकल्यासारखा पडायचा. राण्या म्हणत होते तेव्हा निदान त्यांचं नाव तरी त्यात होतं. त्यांच्या बायकोला नामदारीणबाई म्हणू लागले. नवा चष्मा आला, तर म्हणाले मंत्र्याचा चष्मा आला. ते कुणाला उलटून बोलले नाहीत. बाजाराला जायचे बंद झाले, मग गिरणीला बायको जाऊ लागली, आणि सुगी संपल्यावर दोघं लेकीकडं रहिमतपूरला जायला निघाली. मीही त्याच एस.टी.साठी फाट्यावर उभा होतो, साताऱ्याला एका कामासाठी निघालो होतो. त्यांच्याबरोबर पलटणीतली काळी पत्र्याची पेटी होती आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात, मोठ्या अक्षरांत सगळा हुद्दा आणि सगळं नाव रंगवलेलं होतं. गावची पोरं फाट्यापर्यंत ओरडत मागं आली होती, “नामदार निघालं! नामदार मुंबैला निघालं!” ती नव्या फरशीवरूनच धावत आली. गाडी आली. मी चढलो नाही. सोडून दिली आणि पुढच्या गाडीची वाट बघत तीन तास उन्हात बसलो, जणू काही तीन तासांनी काही फिटणार होतं.

पुढं मी सरकारी नोकरीत लागलो, वर चढलो. आता साताऱ्यातल्या एका कचेरीत माझ्या टेबलासमोर माणसं उभी राहतात आणि मला साहेब म्हणतात. कुणी म्हणायला विसरलं तर माझ्या कपाळावर आठी येते. ती आठी कुणाची आहे हे मला माहीत आहे. मागं एकदा माजी सैनिकाच्या दाखल्याचा अर्ज घेऊन एक म्हातारा माणूस आत आला. ताठ, दाढी केलेला. ते राणोजी होते. त्यांनी मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. साहेब म्हणाले, नमस्कार केला. मी बसा म्हणालो. अर्ज माझ्यापुढं ठेवून ते म्हणाले, “साहेब, हितं हुद्दा आख्खा लिवलाय. तुमच्या कारकुनाला सांगा, आखडून लिवू नगं म्हनावं. आखडलं की घोटाळा हुतो.” आणि हसले. मी मान खाली घालून सही केली. खोलीत आम्ही दोघंच होतो, दार लोटलेलं होतं, आणि तरीही मी सही केली, शिक्का मारला आणि अर्ज परत दिला. चावडीत बापाची भीती होती. या खोलीत कुणाची होती? कुणाचीच नव्हती. तेव्हा मला कळलं की भीती हे कारण मी आयुष्यभर सोयीनं वापरलं.

ते अजून आहेत, रहिमतपुरात लेकीच्या घरी. गावातही त्या सकाळी चावडीत हसलेले सात-आठजण अजून आहेत. मी एकदा रहिमतपूरला जाऊन त्यांच्या तोंडावर आणि एकदा गावच्या चावडीत, लोकांसमोर, एवढं सांगायचं देणं लागतो: राणोजी धोंडी कांबळे यांनी छापखान्यात काहीही सांगितलं नव्हतं. ते अक्षर मी लिहिलं, विचारल्यावर मीच राहू दिलं, आणि मी चहाला गेलो नव्हतो. इथं लिहून ते फिटत नाही. अजून मी गेलेलो नाही.